कॉन्टेसाला हवा किती?

सकाळी साडेसहा

शटर पुरतं वर जायच्या आत दारात पिकअप लागलेल्या असतात. मे उजाडला की नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडची वर्दळ वाढायला लागते आणि पार दिवाळीच्या तोंडापर्यंत ओसरत नाही. आमचं गॅरेज जुन्या पुणे-नाशिक रस्त्यावर, कळंब सोडल्यावर नारायणगावच्या अलीकडे. गिऱ्हाईक निम्मं आंबेगावचं, निम्मं जुन्नरचं. बायपास झाल्यापासून लांब पल्ल्याच्या गाड्या इकडे फिरकत नाहीत, त्याचं फारसं दुःख नाही. त्यातले बरेचसे फक्त पत्ता विचारायला थांबायचे.

पहिली पिकअप काळा धूर ओकत आलीय. ड्रायव्हर म्हणतो, "वस्ताद, चंदनापुरीच्या घाटात दमच धरत नाही. मागून सगळे हॉर्न वाजवतात, लाज वाटते."

लाजेवर आमच्याकडे औषध नाही, दमाचं बघू. टर्बोकडे जाणारा पाइप काढला आणि शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून हलवलं. आडवं किंचित हललं तर चालतं, कारण तो शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. मागेपुढे हलायला लागला की टर्बो गेला म्हणायचं. हा मागेपुढे हलतोय आणि पाइपात घातलेलं बोट तेलाने माखून बाहेर आलं.

सव्वासात

टर्बो कसा गेला, हे मी ड्रायव्हरला विचारत नाही, सांगतो. घाट चढून आलास, टपरीसमोर गाडी लावलीस, चावी फिरवलीस. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा शाफ्ट अजून फिरतोय, पण इंजिन बंद म्हणून तेल बंद. एका अंगाला एक्झॉस्टची धग. आत उरलेलं तेल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. असं रोज. त्यात ऑइल कधी बदलायचं ते टोमॅटोचा भाव ठरवतो. भाव पडला की "पुढच्या महिन्यात बघू". आणि २०२३ च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेलं तेव्हा पैसा होता, पण गाडीला उभं राहायला सवड नव्हती.

"चढून आल्यावर एक मिनिट चालू ठेवायची," मी म्हणालो.

"डिझेल तुम्ही देणार का?"

पोराला टर्बोचं नवीन कार्ट्रिज आणायला पिटाळलं. ते बसवायच्या आधी तेलाची बारीक नळी काढून साफ करायची, नाहीतर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. आजचं मुख्य काम हे नाही, पण ते कळायला या टर्बोचा उपयोग होणार आहे. इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबली की काय काय मागे लागतं, ते आम्ही इथे डिझेलवर रोज पाहतो. पेट्रोलच्या गाडीत ते सगळं आणखी चिडकं होतं.

साडेनऊ

मंचरकडून कॉन्टेसा आली. स्वतःच्या चाकांवर आली, ही पहिली चांगली गोष्ट. चालवतोय तात्यांचा मुलगा, चाकणला एका मोटार कारखान्यात नोकरीला आहे. शेजारी तात्या. द्राक्षाची बाग, डोक्यावर टोपी, गाडीतून उतरायला घाई नाही.

अमेरिकेत १९६४ साली पॉन्टियाक जीटीओ आली, तेव्हापासून मध्यम अंगाच्या गाडीत अवाढव्य इंजिन घालायची लाट उठली आणि त्या गाड्यांना मसल कार म्हणू लागले. आपल्याकडे हा मान पोरांनी कॉन्टेसाला देऊन टाकलाय. रूपावर जायचं तर बरोबर आहे. व्हॉक्सहॉल या इंग्लिश कंपनीच्या गाडीवरून बेतलेली, लांब बॉनेट, रुंद बसकी ठेवण. पण १९८४ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातून ती निघाली तेव्हा पोटात अँबॅसिडरचं दीड लिटरचं इंजिन होतं, पन्नासेक अश्वशक्तीचं. पैलवानाचं अंग आणि पोरासोराचा दम. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे अंगाला शोभेल अशी धाव आली. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं. तात्यांची गाडी इसुझूवाली.

"काका, हिला सुपरचार्जर बसवायचाय," मुलगा म्हणाला. "कोणता घेऊ, तेवढं सांगा."

"तात्या, तुम्हाला काय हवंय?"

"मला भीमाशंकरला जायचंय. पोखरीच्या घाटात ही गरम होते."

एका गाडीची दोन गिऱ्हाइकं. दोघांचं ऐकायचं म्हटलं तर दिवस जाणार.

साडेदहा

मुलाने फोनवर चित्र दाखवलं. बॉनेट कापून वर आलेला सुपरचार्जर, म्हणजे आमच्या भाषेत ब्लोअर, पुढे रुंद पट्टा. १९७९ च्या 'मॅड मॅक्स' सिनेमातली काळी गाडी. मी त्याला म्हणालो, त्या गाडीवरचा ब्लोअर नुसता शोभेचा होता. बटण दाबलं की पट्टा फिरतो, हे सिनेमावाल्यांनी जुळवलेलं. खरा ब्लोअर क्रँकला पट्ट्याने बांधलेला असतो. इंजिन फिरलं की तोही फिरणार, रविवारी वेगळा आणि सोमवारी वेगळा असा नाही.

त्या प्रकारच्या मोठ्या ब्लोअरचं मूळही मजेशीर आहे. रूट्स नावाच्या दोन भावांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि तेव्हा मोटारगाडी नव्हतीच. तो भट्टीत हवा घालायला, म्हणजे लोहाराच्या भात्याचंच काम करायला होता. पुढे जनरल मोटर्सच्या दोन स्ट्रोकच्या डिझेल इंजिनांवर ब्लोअर आले. सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ६-७१. ट्रकांच्या भंगारातून ते काढून अमेरिकन पोरांनी व्ही-८ वर चढवले. एका फेऱ्यात सहा लिटरांहून जास्त हवा ढकलतो तो. आपलं अख्खं इंजिन पावणेदोन लिटरांपेक्षा थोडं जास्त. तो इथे बसवणं म्हणजे बॉनेटवर पिंप बांधण्यासारखंच.

"मग लहान घेऊ," मुलगा म्हणाला.

"लहान किती ते नंतर. आधी हे इंजिन हवा सोसेल का ते बघू."

इथेच बहुतेकांची गल्लत होते. ब्लोअर निवडायचा तर सुरुवात ब्लोअरच्या दुकानातून नाही, सिलिंडरच्या आतून करायची.

अकरा

इंजिन गरम होतंच. चारही प्लग काढले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला तात्यांना बसवलं आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारला. पहिल्यात १५०, दुसऱ्यात १४८, तिसऱ्यात ११८, चौथ्यात १५० पाउंड. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मारलं, १४२. ऑइलने फट बुजली आणि आकडा वर आला, याचा अर्थ व्हॉल्व्ह ठीक आहेत, रिंगा गेल्यात. ऑइल घालूनही आकडा हलला नसता तर हेड उघडून व्हॉल्व्ह बघावे लागले असते.

मुलाचं तोंड उतरलं. तात्यांचं नाही. ते म्हणाले, "म्हणजे गरम होतीय ती यानेच?"

"यानेही. रेडिएटरही बघतो."

रिंगा गेलेल्या इंजिनाला ब्लोअर लावला तर कोंबलेली हवा पिस्टनच्या कडेने खाली उतरते, तेलाच्या टाकीत दाब होतो आणि सीलमधून ऑइल बाहेर यायला लागतं. गाडी पुढे कमी जाते आणि खाली जास्त सांडते.

साडेबारा

मधल्या काळात टर्बोचं कार्ट्रिज आलं. नळी साफ केली, बसवलं. चावी मारायच्या आधी टर्बोत वरून हाताने ऑइल सोडलं, पहिले काही सेकंद तो कोरडा फिरू नये म्हणून. पिकअप गेली. दुसरी आत.

कॉन्टेसात रेडिओ लावला तर इंजिनाच्या वेगाबरोबर खरखर वाढते. प्लगच्या वायरी जुन्या आहेत, स्पार्क उडाला की रेडिओच्या लहरी सगळीकडे पसरतात. इथून खोडद फार लांब नाही. तिथे जीएमआरटी या वेधशाळेच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आकाशातला अतिशय क्षीण रेडिओ आवाज ऐकत बसल्यात. तात्यांना म्हणालो, तुमच्या गाडीचा आवाज शास्त्रज्ञांना आकाशगंगेचा वाटायचा. रेझिस्टन्सवाले प्लग आणि वायरी लिहून घेतल्या. ते ब्लोअरशिवायही करायचंच आहे.

दोन

भाकरी, पिठलं, कांदा. ऊन अडतीसच्या पुढे. तात्या गाडीत एसी लावून बसलेत. मुलगा माझ्यासमोर स्टुलावर. खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशोब मांडला, कारण याच्याशिवाय केलेली निवड म्हणजे लॉटरीचं तिकीट.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. म्हणजे १८१७ सीसीचं इंजिन दर फेऱ्याला साधारण ९०८ सीसी हवा घेणार. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पाउंड असतो. आपण ६९० मीटरच्या आसपास आहोत, इथे साडेतेरा. म्हणजे ८८ अश्वशक्तीचं इंजिन नवंकोरं असतं तरी इथे ८१ च्या आसपासच देणार. मुंबईहून आलेले लोक म्हणतात गाडी इकडे सुस्त चालते, ते खरं असतं.

आता पाच पाउंड बूस्ट, म्हणजे ब्लोअरने दिलेला जादा दाब, धरू. साडेतेराचे साडेअठरा झाले, म्हणजे १.३७ पट. ब्लोअरने दर फेऱ्याला साधारण १२५० सीसी ढकलली पाहिजे. (गळती आणि इंजिनाचं अर्धवट भरणं, दोन्ही ढोबळमानाने एकमेकांना कापतात. वहीत नीट करता येतं, पुठ्ठ्यावर एवढं पुरे.)

ईटनचा एम४५ नावाचा ब्लोअर आहे. ४५ घनइंच, म्हणजे एका फेऱ्याला ७३७ सीसी. मिनी कूपर एसच्या १.६ लिटर इंजिनावर तोच होता. तो क्रँकच्या १.७ पट फिरवला की १२५० येतात. क्रँकची पुली १३६ मिलिमीटर असेल तर ब्लोअरची ८०. इंजिन ५,००० वर असताना ब्लोअर साडेआठ हजारांवर. सुखात आहे.

मुलाने दुसऱ्या एका लहान जपानी ब्लोअरचं नाव काढलं, एका फेऱ्याला ५०० सीसीवाला. स्वस्त मिळतो म्हणे. त्याला अडीच पट फिरवावं लागेल, ५,००० ला साडेबारा हजार. तोही हवा देईल, पण तापवून देईल. लहान ब्लोअर पळवून मोठ्याचं काम करून घेणं म्हणजे पैसे वाचवून उष्णता विकत घेणं.

आणि उष्णता हाच खरा मुद्दा. रूट्स जातीचा ब्लोअर हवा दाबताना फार तापवतो. ३८ अंशांची हवा पाच पाउंड दाबून बाहेर येते तेव्हा नव्वदच्या आसपास असते. तापलेली हवा फुगते. दाब ३७ टक्के वाढला तरी आत जाणारी हवा वजनाने सतरा टक्केच जास्त. वर ब्लोअर फिरवायलाच सात-आठ अश्वशक्ती लागतात. मुलगा बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे इंटरकूलर लागणार."

"लागणार. तो आला की पंचावन्न अंशांपर्यंत आणता येईल, मग तीस टक्के हातात. पण मग कार्ब्युरेटर कुठे ठेवणार?"

हा प्रश्न त्याने इंटरनेटवर पाहिला नव्हता. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी ठेवला तर काम सोपं, कारण कार्ब्युरेटरला नेहमीसारखीच ओढ मिळते आणि पेट्रोल उडताना ब्लोअरही थोडा गार राहतो. पण मग इंटरकूलरमध्ये पेट्रोलमिश्रित हवा जाणार, तिथे पेट्रोल साचणार, आणि एक बॅकफायर झाला की फुटलेला इंटरकूलर शोधायला शेतात जायचं. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या नंतर ठेवला तर तो दाबाखाली येतो. त्याला हवाबंद पेटीत घालावं लागतं आणि पेट्रोल पंपाचा दाबही बूस्टबरोबर तेवढाच वाढवावा लागतो. नाहीतर नेमकं जोर लावला तेव्हाच पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टनला भोक पडायला तेवढं पुरतं. तिसरा रस्ता, कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन. तो सगळ्यात नीटस आणि सगळ्यात महाग.

टर्बो का नको, असंही त्याने विचारलं. सकाळचा टर्बो इथे कामाला आला. टर्बोचं सामान पुण्याच्या नाना पेठेत कुठेही मिळतं, ब्लोअरचं नाही. मिळाला तर मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात एखाद्या मर्सिडीजच्या कॉम्प्रेसर मॉडेलवरून उतरवलेला. तरी या गाडीला मी ब्लोअरच म्हणेन. इसुझूचं हे इंजिन जुनं आणि शांत आहे, खालच्या फेऱ्यांवर चालवायचं. ब्लोअर पाय ठेवल्याबरोबर देतो, टर्बो फेरे चढायची वाट बघतो. आणि मेच्या महिन्यात या बॉनेटखाली टर्बोची लाल धग मला नको.

चार

नारायणगावात लेथवर. ८० मिलिमीटरच्या पुलीचं माप दाखवलं. टर्नरने पहिला प्रश्न विचारला तो ब्लोअरचा नव्हता, पट्ट्याचा होता. जुना त्रिकोणी पट्टा एवढ्या भारावर घसरणार. सहा रेघांचा चपटा पट्टा पाहिजे, म्हणजे क्रँकची पुलीही नवी. पट्टा पुलीला पुरेसा वळसा घालेल अशी मध्ये एक आयडलर. ब्रॅकेट दहा मिलिमीटरच्या प्लेटचा, पातळ केला तर थरथरून बोल्ट तोडेल. माणूस ट्रॅक्टरच्या पुल्या घासत आयुष्य घालवतोय, पण सुपरचार्जरच्या जाहिरातीत जे सांगत नाहीत ते त्याने पहिल्या झटक्यात सांगितलं.

तिथून पंपावर. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. उसाच्या या पट्ट्यात त्याला नावं ठेवणं अवघड, आणि बूस्टच्या बाबतीत तर ते उपकारच करतं. ऑक्टेन वाढतो, नॉकिंग लांबतं. पण इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून जुनेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ पडतं. जुने रबरी होज आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम त्याने सुटतात. सगळे होज बदलायचे, हे यादीत वर सरकवलं.

साडेपाच

मुलाला आरसी बुक आणायला सांगितलं होतं. ते उघडून मी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समजावलं. कंपनीने मुळात जे दिलंय त्याच्याशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही तेच ठाम सांगितलं. सीएनजी किटसारख्या गोष्टींना मंजुरीची वाट आहे. घरी बसवलेल्या ब्लोअरला तशी सोपी वाट नाही. अपघात झाला तर विमावाले बॉनेट उघडून बघतात आणि हात वर करतात.

"पण सगळे करतात, काका."

"करतात. मी लेखी मंजुरीशिवाय रस्त्यावरच्या गाडीला करत नाही. मोजमाप करून देईन, बसवणार नाही."

आमच्या धंद्यात हे बोलून काम जातं. गेलं तर गेलं. घाटात चार माणसं घेऊन उतरताना ब्रेक जुनेच असतात, हे मला विसरता येत नाही.

सात

उन्हं कलली. तात्या गाडीतून उतरून बॉनेटपाशी आले. मी खडूने फेंडरवर ब्रॅकेटची जागा आखली होती, मुलाला समजावं म्हणून. तात्या बराच वेळ त्या रेघा बघत होते.

"इथे हे बसणार?"

"हो."

"आणि इथे आत्ता काय आहे?"

"एसीचा कॉम्प्रेसर."

"मग तो कुठे जाणार?"

मी मुलाकडे बघितलं. मुलाने माझ्याकडे.

"काढावा लागेल, तात्या," मुलगा हळूच म्हणाला.

"म्हणजे पैसे घालून गाडी जोरात करायची आणि आत घामाघूम बसायचं." तात्या हसले नाहीत. "तुझ्या आईला सांगशील तू हे?"

जॉब कार्ड लिहायला घेतलं. रिंगा, हेड गॅस्केट, ऑइल सील. रेडिएटर खोलून साफ. होज सगळे नवे. प्लग आणि वायरी रेझिस्टन्सच्या. पुढचे-मागचे ब्रेक. कार्ब्युरेटरचे जेट. खाली रेघ मारून मुलासाठी वेगळं लिहिलं : ब्लोअर एम४५, पुली ८० मिमी, सहा रेघांचा पट्टा, पाच पाउंड, इंटरकूलर आणि इंजेक्शनसह, आरटीओची मंजुरी आल्यावर. त्याने त्याचा फोटो काढून घेतला. पोरगं चिवट आहे, एक दिवस कागद घेऊन येईलही.

तात्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, कार्डावर अगदी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'एसीचा गॅस भरणे', आणि सही केली. बाहेर तिसरी पिकअप हॉर्न वाजवत होती.